खोट्या बेटाची खरी गोष्ट

तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आलेल्या एका तरुणाने आख्खं बेट रचलं. त्याचा नकाशा, इतिहास, लिपी, नाणी, देव-देवता, सगळं. आणि तेव्हाच्या हुशार लोकांनी ते खरं मानलं. त्याच वेळी ज्या बेटाचं नाव त्याने वापरलं, तिथली खरी माणसं काय करत होती?

बेटाचं स्थानिक नाव गाद-आविया, म्हणजे सुंदर बेट. राजधानी क्स्टेर्नेत्सा. वर्ष दहा महिन्यांचं. लिपी वीस अक्षरांची, उजवीकडून डावीकडे लिहायची. हत्ती, गेंडे आणि उंट पूर्ण माणसाळलेले, सगळे कामाला जुंपलेले. खानदानी लोक उन्हाळ्यात जमिनीखालच्या गारव्यात राहतात म्हणून ते गोरे, शेतकरी-मजूर उन्हात राबतात म्हणून ते सावळे. बेटावर सत्ता जपानच्या सम्राटाची. आणि दर नवीन वर्षाला देवापुढे नऊ वर्षांखालच्या १८ हजार मुलग्यांचा बळी.

एखाद्या फँटसी सीरिजचं वर्ल्ड-बिल्डिंग वाटतंय ना? पुढच्या सीझनची वाट बघावी असं? पण १७०४ साली लंडनमध्ये हे सगळं चक्क भूगोल आणि इतिहासाचं पुस्तक म्हणून छापलं गेलं. खपलंही दणक्यात. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतर आलं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर तेव्हा इकडे महाराणी ताराबाई औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत होत्या.

बेटाचं नाव होतं फोर्मोसा. म्हणजे आजचं तैवान. बेट खरं होतं, नाव खरं होतं. पुस्तकातलं बाकी जवळपास सगळं लेखकाच्या डोक्यातून आलेलं.

हा पठ्ठ्या होता कोण?

त्याने स्वतःचं नाव लावलं होतं जॉर्ज साल्मनाझार. बायबलमधल्या एका असिरियन राजाच्या नावावरून उचललेलं. त्याचं खरं नाव आजही कुणाला माहीत नाही. जन्म बहुधा दक्षिण फ्रान्सचा. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकला, लॅटिनवर उत्तम पकड होती, खिसा मात्र रिकामा. मग युरोपभर भटकताना त्याने सोंगं घ्यायला सुरुवात केली. आधी तो आयरिश यात्रेकरू झाला. पण आयर्लंड पाहिलेली माणसं रस्त्यात भेटायची आणि पंचाईत व्हायची. मग तो जपानी झाला. आणि शेवटी फोर्मोसाचा. कारण सोपं होतं. जितका देश लांबचा, तितकी उलटतपासणीची भीती कमी.

नेदरलँड्समध्ये एका पलटणीत शिपाई असताना त्याची गाठ विल्यम इनेस या स्कॉटिश लष्करी पाद्र्याशी पडली. इनेस चलाख होता. त्याने सिसेरोच्या लॅटिन ग्रंथातला एक उतारा दिला आणि म्हणाला, याचं तुझ्या फोर्मोसाच्या भाषेत भाषांतर करून दाखव. साल्मनाझारने ठोकून दिलं काहीतरी. इनेसने तो कागद ठेवून घेतला आणि थोड्या वेळाने तोच उतारा पुन्हा भाषांतर करायला सांगितला. दोन भाषांतरांत निम्म्याहून अधिक शब्द वेगळे निघाले. चोरी पकडली गेली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इनेसने पोलखोल केलीच नाही. उलट यापुढे शब्द नीट लक्षात ठेव, एवढा सल्ला दिला! दूरदेशीच्या ‘मूर्तिपूजकाला’ आपण ख्रिस्ती केलं, हे श्रेय त्याला हवं होतं. त्याने साल्मनाझारचा बाप्तिस्मा केला आणि १७०३ मध्ये त्याला लंडनला आणलं. पुढे इनेसला बढतीही मिळाली, पोर्तुगालमधल्या इंग्रज फौजांचा मुख्य पाद्री म्हणून. साल्मनाझार आयुष्यभर बदनाम राहिला, पण त्याच्या गॉडफादरचं करिअर सेट झालं.

एकदा बोललो ते बोललो

लंडनमध्ये साल्मनाझार सेलिब्रिटी झाला. तो लोकांसमोर कच्चं मांस मसाला लावून खायचा. रात्री खोलीत मेणबत्ती जळत ठेवून खुर्चीत बसूनच झोपायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय अभ्यासू मुलगा आहे, रात्र-रात्र जागतो! (हॉस्टेलवाल्यांनी यातून प्रेरणा घेऊ नये.) लंडनचे बिशप हेन्री कॉम्प्टन यांच्यासाठी त्याने ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचं ‘फोर्मोसन’ भाषांतर करून दिलं. पुढे काही महिने ऑक्सफर्डमध्येही त्याची सोय लावण्यात आली.

पुस्तक त्याने अवघ्या दोन महिन्यांत लिहिलं. थोडा मसाला जपानवरच्या जुन्या वर्णनांतून, थोडा इकडून-तिकडून, बाकी कल्पनाशक्ती. बेटाच्या इतिहासाचंच बघा. मेर्याआंदानू नावाचा एक धूर्त माणूस जपानची गादी बळकावतो. मग त्याची नजर फोर्मोसावर जाते. तो निरोप पाठवतो की मी आजारी आहे, तुमच्या देवाला बळी द्यायचे आहेत, परवानगी द्या. हत्तींनी वाहिलेल्या अवाढव्य पालख्या बेटावर येतात. खिडक्यांतून बैल आणि मेंढे डोकावत असतात, आत मात्र सैनिक दडलेले. बेट जिंकलं जातं. म्हणजे ट्रॉयचा लाकडी घोडा, फक्त कॉस्च्युम बदललेला.

हा पेपर कुणी तपासायला घेतला असता तर पहिल्याच पानावर लाल शेरा आला असता. पण साल्मनाझारचा एक नियम होता. एकदा जे तोंडातून गेलं, ते कितीही अशक्य वाटलं तरी बदलायचं नाही. १८ हजार मुलं दरवर्षी मारली तर बेटावर माणूस शिल्लक राहील का, असं लोकांनी विचारलंच. आकडा कमी करणं सोपं होतं. पण त्याने आकडा तसाच ठेवला आणि भोवती नवी कारणं रचली. तिथे पुरुष अनेक लग्नं करतात, थोरल्या मुलाला बळीतून सूट असते, वगैरे. दुसऱ्या आवृत्तीत तर त्याने लोकांच्या आक्षेपांना उत्तरं देणारी आख्खी नवी प्रस्तावनाच जोडली.

कॉन्फिडन्स आणि सातत्य या दोन गोष्टींना आपण नकळत सत्याचा पुरावा मानतो. अडखळणारा माणूस खोटा वाटतो, धडाधड उत्तर देणारा खरा. खऱ्या साक्षीदाराला मात्र बऱ्याच गोष्टी आठवत नसतात, काही माहीतच नसतात. साल्मनाझारला सगळंच माहीत होतं. नाण्यांच्या किमतीपासून राजाच्या पोशाखापर्यंत. खरं तर संशय तिथेच यायला हवा होता.

हॅलेचं धुराडं

संशय काही जणांना आला. १७०४ च्या सुरुवातीला रॉयल सोसायटीत त्याची गाठ फोंताने या फ्रेंच जेझुइट पाद्र्याशी पडली. फोंतानेने चीनमध्ये बरीच वर्षं काढली होती. त्याने सरळ सांगितलं, फोर्मोसा जपानचं नाही, चीनचं आहे. आणि ते खरंच होतं. १६८३ मध्ये चिंग घराण्याने बेट ताब्यात घेतलं होतं. साल्मनाझार शांतपणे म्हणाला, हे चुकीचं आहे. आणि सभेतल्या कित्येकांना तोच पटला!

मग पुढे आला एडमंड हॅले. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे, तोच. त्याने देव, राजा, भाषा यांतलं काहीच विचारलं नाही. त्याचा प्रश्न होता, तुमच्याकडे धुराड्यातून ऊन कधी थेट चुलीपर्यंत पोचतं का?

हा प्रश्न किती भारी आहे, हे महाराष्ट्रातल्या मुलांना पटकन कळेल. आपल्याकडे मे महिन्यात ‘शून्य सावली दिवस’ येतो. पुण्या-मुंबईत त्या दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, खोल विहिरीच्या तळाशीही ऊन पोचतं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात सगळीकडे हे वर्षातून दोनदा घडतं. आता तैवानच्या नकाशात बघा. कर्कवृत्त बेटाच्या जवळपास मधून, चियायी शहराजवळून जातं. म्हणजे बेटाच्या दक्षिण भागात जूनच्या आसपास ऊन सरळ धुराड्यात उतरायलाच हवं. तिथे लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही हे ठाऊक असणार.

साल्मनाझार म्हणाला, नाही पोचत. सूर्य डोक्यावर येत असताना असं कसं, म्हटल्यावर त्याने पलटी मारली. म्हणे आमच्याकडे धुराडी वाकडी बांधतात, त्यामुळे ऊन तळाशी जात नाही!

हॅलेची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठोकून देणाऱ्याने ज्याची तयारी केली आहे, ते विचारून फायदा नसतो. राजधानीचं नाव विचारा, त्याच्याकडे तयार असतं. पण ज्या गोष्टीवर त्याचा ताबा नाही, उदाहरणार्थ सूर्य, तिथे त्याची गोष्ट लटपटते.

मग लोक फसले का?

लंडनचे लोक बिनडोक होते म्हणून? अजिबात नाही. रॉयल सोसायटी म्हणजे त्या काळातल्या टॉपच्या डोक्यांचा अड्डा. न्यूटन तेव्हा तिचा अध्यक्ष होता. गंमत अशी की साल्मनाझारची गोष्ट त्यांना हवी होती तशीच होती.

त्याची कहाणी अशी होती: एका जेझुइटाने जपानी वेशात येऊन त्याला फोर्मोसातून फूस लावून युरोपात आणलं, कॅथलिक होण्यासाठी छळलं, तो निसटला आणि शेवटी इंग्रजांचा प्रोटेस्टंट पंथ त्याला पटला. इंग्लंडमध्ये तेव्हा जेझुइट म्हणजे पक्के व्हिलन. त्यामुळे चीन पाहून आलेला फोंताने खरं बोलत असला तरी ‘तो तर जेझुइट, खोटंच बोलणार’ असा हिशेब झाला. कोण बोलतोय ते आधी पाहिलं गेलं, काय बोलतोय ते नंतर. आपल्या फॅमिली ग्रुपवरचे राजकीय फॉरवर्ड आठवतायत ना?

दुसरं म्हणजे नरबळी, कच्चं मांस, बेवफा बायकोला मारून खाण्याचा नवऱ्याचा हक्क. पूर्वेकडचे लोक असेच रानटी असणार, हे युरोपात कित्येकांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं. साल्मनाझारने त्यांच्याच डोक्यातलं चित्र त्यांना रंगवून परत विकलं.

आणि तिसरी गोष्ट फार चमत्कारिक आहे. फोर्मोसाबद्दल खरी माहिती उपलब्ध होती. जॉर्ज कँडिडियस या पाद्र्याने प्रत्यक्ष तिथे राहून लिहिलेला वृत्तांत १७०४ सालीच लंडनमध्ये इंग्रजीत छापला गेला. म्हणजे खरं आणि खोटं एकाच वर्षी, एकाच शहरात बाजारात होतं. कँडिडियसच्या बेटावर भातशेती होती, शिकार होती, गावपंचायती होत्या. राजा नव्हता, सोन्याचे महाल नव्हते. साल्मनाझारने आपल्या पुस्तकात बिनधास्त लिहून टाकलं की कँडिडियस चुकीचा आहे, कारण मी तिथलाच आहे. ‘तिथलाच’ हा शब्द पुरेसा ठरला.

तेव्हा खरं बेट काय करत होतं?

या प्रकरणाची गंमत सांगणारे बहुतेक जण लंडनमध्येच थांबतात. आपण जरा बेटावर जाऊया.

पोर्तुगीज खलाशांनी या बेटाला ‘इल्या फोर्मोसा’ म्हटलं, सुंदर बेट. गोव्यात आणि वसईत ठाण मांडलेले हेच ते पोर्तुगीज. बेट साधारण ३६ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढं. पण मधोमध उभी डोंगररांग आहे आणि त्यातलं युशान शिखर ३,९५२ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आता तुलना करा. १६२४ ते १६६२ या काळात नैऋत्य किनाऱ्यावर डच होते. चेंग चेंगकुंग या चिनी सेनानीने, ज्याला युरोपीय लोक कोक्सिंगा म्हणतात, त्यांना हुसकावलं. १६८३ नंतर चिंग साम्राज्य आलं.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे मूळ रहिवासी होते. त्यांच्या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या. हे भाषाकुळ पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत आणि दक्षिणेला न्यूझीलंडपर्यंत पसरलंय. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की या कुळाचा उगम तैवानमध्येच झाला. इथून निघालेल्या लोकांच्या वंशजांनी होड्यांमधून अर्धी पृथ्वी पालथी घातली. पाळीव गेंड्यांच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी थरारक नाही का? पण हे लंडनमध्ये कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

नैऋत्य मैदानात सिराया नावाचा समाज राहायचा. डच पाद्र्यांनी त्यांची भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. दानिएल ग्रावियसने केलेलं मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं सिराया भाषांतर १६६१ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. म्हणजे साल्मनाझार लंडनमध्ये खोटी ‘फोर्मोसन’ भाषा विकत होता, तेव्हा खऱ्या फोर्मोसन भाषेतलं छापील पुस्तक समुद्रापलीकडे ॲमस्टरडॅममध्ये चार दशकं जुनं झालं होतं. शेजारी ठेवून दोन ओळी ताडून पाहायच्या होत्या फक्त.

आणखी पुढचं ऐका. डच गेले, पण सिराया लोकांनी लिहिणं सोडलं नाही. जमिनीचे व्यवहार, गहाणखतं, करार ते आपल्या भाषेत रोमन अक्षरांत लिहित राहिले, थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. सिनकांग हस्तलिखितं म्हणून हे कागद आज अभ्यासकांना ठाऊक आहेत. आपली जमीन आपल्या हातून जाऊ नये म्हणून माणसं कागद जपत होती, आणि त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या नावावर १८ हजार मुलांचे बळी चढवले जात होते.

हळूहळू जमिनी गेल्या, एकोणिसाव्या शतकात रोजच्या वापरातली सिराया भाषाही विरत गेली. १८९५ मध्ये बेट खरोखर जपानच्या ताब्यात गेलं, ते १९४५ पर्यंत. साल्मनाझारची एक थाप अशी दोनशे वर्षांनी खरी ठरली, तीही बेटावरच्या लोकांना नको असताना.

कल्पना आणि थाप

काल्पनिक बेट रचणं हा काही गुन्हा नाही. थॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ रचलं, तेही बेटच. तिथली शहरं, कायदे, कामाचे तास सगळं त्याने लिहिलं. पण नावातच कबुली दिली होती, युटोपिया म्हणजे ग्रीकमध्ये ‘कुठेच नसलेली जागा’. स्विफ्टच्या गलिव्हरची बेटं १७२६ ची. तीन वर्षांनी एका उपहासात्मक लेखात त्याने साल्मनाझारचं नाव घेऊन त्याची टोपीही उडवली. आज तुमच्यापैकी कितीतरी जण गेमसाठी, कॉमिक्ससाठी, फॅन फिक्शनसाठी नकाशे काढतात, भाषा रचतात. बिनधास्त रचा. वाचकाला माहीत असतं की हा खेळ आहे आणि त्यातल्या रानटी राक्षसाच्या जागी कुणी खरा शेजारी उभा नाही. साल्मनाझारने खऱ्या माणसांच्या बेटावर खोटी माणसं वसवली, अडचण ती होती.

त्याला स्वतःलाही हे उमगलं. काही वर्षांत लोकांचा रस संपला, थट्टा सुरू झाली. त्याने आधी मित्रांकडे कबुली दिली. मग उरलेलं आयुष्य लंडनमध्ये प्रकाशकांसाठी पानांवर पानं लिहून काढलं, हिब्रू शिकला, अगदी साधा राहिला. कोशकार सॅम्युअल जॉन्सन त्याच्याबरोबर गप्पा मारत बसायचा आणि त्याच्या सज्जनपणाचा फार आदर करायचा. १७४७ मध्ये निघालेल्या भूगोलाच्या एका मोठ्या ग्रंथात त्याला लिहायची संधी मिळाली, तेव्हा त्याने त्यातच, स्वतःची ओळख न देता, तो जुना वृत्तांत बनावट असल्याचं नोंदवून टाकलं. ज्या विषयात घाण केली तिथेच जाऊन झाडू मारला म्हणा ना. १७६३ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, त्यातही खरं नाव नव्हतंच.

तुमच्या प्रोजेक्टसाठी

आज साल्मनाझार व्हायला कच्चं मांस खावं लागत नाही. एखादी रील, एखादा फॉरवर्ड किंवा चॅटबॉटने सफाईदारपणे बनवून दिलेला परिच्छेद पुरतो. नावं, सनावळ्या, आकडे सगळं जागच्या जागी. उद्या सबमिशन असताना तपासायचं कोण? पण वरच्या गोष्टीतून तीन प्रश्न सहज काढता येतात. जिथे याची तयारी नसेल असं काय विचारता येईल? ही गोष्ट मला इतकी पटकन पटली, ती माझ्या आधीच्या मताला गोंजारते म्हणून तर नाही? आणि ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय, ते स्वतः कुठे बोलले आहेत का?

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी वेळा विचारला जातो. खरं तर आपल्याकडेही. ईशान्य भारतातल्या एखाद्या राज्याबद्दल किंवा गडचिरोलीच्या माडियांबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ असतं, त्यातलं किती तिथल्या माणसाने सांगितलेलं असतं?

तैवानमध्ये आज सरकारने मान्यता दिलेले १६ मूळनिवासी समाज आहेत. २०१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी मूळनिवासींची अधिकृत माफी मागितली. सिराया मात्र त्या १६ मध्ये नव्हते. भाषाच उरली नाही, तर हा वेगळा समाज कसा, असा सवाल त्यांच्यापुढे होता. त्यांनी १६६१ चं ते जुनं शुभवर्तमान बाहेर काढलं. त्यातून शब्द वेचून २००८ मध्ये शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्यावरून गाणी झाली, धडे झाले, आणि आता ताइनानच्या परिसरातल्या काही शाळांत मुलं सिराया शिकतात. २०२२ मध्ये तैवानच्या घटनापीठाने त्यांना मूळनिवासी दर्जातून वगळणारा कायदा घटनाबाह्य ठरवला.

साल्मनाझारची वीस अक्षरी लिपी आता संग्रहातल्या जुन्या पुस्तकांत, एक नमुना म्हणून पाहायला मिळते. सिरायाचे शब्द शाळेच्या फळ्यावर आहेत.